नाकातला खडा

धरणगाव म्हटले की लोकांना बालकवी आठवतात. १८९० साली ते इथे जन्मले. त्यांच्या गावच्या माणसाने कविता करावी आणि रेडिओवर फुलांच्या सुगंधाविषयी बोलावे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण श्रोतेहो, आज मी दुर्गंधीविषयी बोलणार आहे. तिच्यापायी माणसे एकटी पडतात, म्हणून.

मूल दोन-तीन वर्षांचे झाले की हाती येईल ते नाकात घालते. हरभऱ्याची डाळ, कपाशीची सरकी, माळेतला मणी, शर्टाचे बटण. मूल रडले तर घरच्यांना कळते. नाही रडले तर वस्तू आतच राहते आणि मूलही विसरून जाते. नाकातला स्राव आणि डोळ्यांतून नाकात उतरणारे अश्रू यांत कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्यांचे थर त्या वस्तूवर बसू लागतात. वर्षानुवर्षे थर चढत जाऊन खडबडीत खडा तयार होतो. डॉक्टर त्याला राइनोलिथ म्हणतात. कधी बाहेरची वस्तू नसतेच. रक्ताच्या गुठळीभोवती किंवा सुकलेल्या शेंबडाभोवतीही तो धरतो. चेरीच्या बीभोवती वाढलेल्या अशा खड्याचे वर्णन डेन्मार्कच्या बार्थोलिन यांनी १६५४ सालीच करून ठेवले आहे.

खूण एकच लक्षात ठेवा. सर्दी साधारणपणे दोन्ही नाकपुड्यांना होते. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा, घट्ट, कधी रक्तमिश्रित स्राव येत असेल, तीच बाजू चोंदलेली असेल, तर ती साधी सर्दी समजू नका.

आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी वीस वर्षांची होईपर्यंत हे सोसत होती. घरात ‘पीनस आहे’ एवढेच म्हणत. थेंब झाले, गोळ्या झाल्या, तावीजही झाला. शाळेत तिच्या बाकावर कुणी बसत नसे. पुढे पाहुणे येत, चहा घेत आणि नकार कळवीत. तिच्या स्वतःच्या नाकाला त्या वासाची सवय झाली होती. ती मला म्हणाली होती, ‘‘चाचा, लोक दूर सरकले की मला कळतं.’’ अखेर एका डॉक्टरांनी दुर्बीण घालून नाकाच्या आत पाहिले. काढलेल्या खड्याच्या पोटात हिरवा मणी निघाला. तो कुठल्या माळेतला, हे घरात कुणालाच आठवेना.

हा खडा औषधाने विरघळत नाही. प्रतिजैविकांनी वास चार दिवस कमी होतो, पुन्हा येतो. दुर्बिणीतून खडा दिसतो, सळईचा स्पर्श झाला की तो टणक लागतो. सीटी स्कॅनमध्ये त्याचा आकार, नाकाचा पडदा आणि शेजारच्या पोकळ्यांची अवस्था कळते. हाडाची गाठ, बुरशीचा गोळा किंवा कर्करोग तर नाही ना, हेही पाहावे लागते. म्हणून मोठ्या माणसांनीही अशी तक्रार अंगावर काढू नये. खडा नाकपुडीतूनच, दुर्बिणीच्या साह्याने काढतात. मोठा असेल तर फोडून तुकडे काढतात. लहान मुलांना त्यासाठी पूर्ण भूल देतात. जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत.

आयाबहिणींनो, मुलाच्या नाकात काही अडकले तर पिनेने, चिमट्याने उकरू नका. वस्तू मागे सरकून श्वासनलिकेत जाऊ शकते. घड्याळातली बटणासारखी बॅटरी असेल तर क्षणभरही थांबू नका. काही तासांत ती नाकाचा पडदा जाळून भोक पाडते.

गुरुजनांनाही एक विनंती. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येत आहेत. वर्गात ज्या मुलाजवळ कुणी बसत नाही, ते मूल त्यांना आवर्जून दाखवा. त्याला अस्वच्छ म्हणून नाक मुरडण्याआधी त्याच्या नाकात कुणी तरी पाहिले पाहिजे.