शाळेत बाई, घरी आजी



तुमच्या विज्ञानाच्या बाई म्हणजे माझी आजी. शाळेत मात्र त्यांना 'बाई'च म्हणायचं, हा घरचा कायदा. एकदा चुकून 'आजी' निघालं, तर तुम्ही आठवडाभर हसलात!

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. गणपती दूध पितो अशी बातमी देशभर पसरली. आपण आठवीत. मीही रांगेत उभी राहून सोंडेला चमचा लावला आणि दूध खरंच संपलं. दुसऱ्या दिवशी बाई पिशवीतून घरचा वरवंटा घेऊन वर्गात आल्या. दुधात लाल शाईचे थेंब टाकले आणि चमचा माझ्याच हातात दिला. वरवंटाही दूध प्यायला. फक्त या वेळी गुलाबी ओघळ खालपर्यंत दिसला. पृष्ठताण तुम्हाला तेव्हापासून पाठ असेल. मला आठवतो तो अपमान. दोन दिवस मी आजीशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी ती देवघरात गणपतीला दूर्वा वाहत होती.

"मग पूजा कशाला करतेस?" मी फणकारले.

"ते माझं नि त्याचं. दूध कुठं गेलं, हा प्रश्न वेगळा."

प्रोग्रॅममधली चूक सापडत नसली, की मी अजून तेच करते. ओघळ दिसेपर्यंत शाई घालत राहते.

शेवटच्या वर्षी तिला माणसं ओळखू येईनात. एका संध्याकाळी माझ्याकडे रोखून बघत तिनं विचारलं, "कुठली गं तुकडी तुझी?"

"आठवी ब, बाई."

"मग उभी का? बस."