नोकरीच्या वाटेला लागण्यापूर्वी



आपल्या उज्जैनमध्ये वर्षारंभ एकदाच होत नाही. ज्या विक्रमाच्या नावाने संवत चालतो त्याची ही नगरी. चैत्र प्रतिपदेला क्षिप्रेच्या घाटावर नव्या संवत्सराचे स्वागत होते आणि त्याच दिवशी येथील मराठी घरांवर गुढी उभी राहते. व्यापाऱ्यांच्या वह्या दिवाळीत पुजल्या जातात, तर सरकारचा हिशेब एप्रिलच्या पहिल्या तारखेला नव्याने सुरू होतो. आम्हा ख्रिस्ती लोकांचे उपासनेचे वर्ष नाताळच्या आधी चार आठवडे, आगमनकाळाने सुरू होते. हा काळ उत्सवाचा नव्हे, तयारीचा असतो. पाहुणा यायचा आहे, घर झाडून ठेवा, असा त्याचा साधा अर्थ आहे.

नोकरी शोधू इच्छिणाऱ्या तरुणतरुणींसाठीही डिसेंबर महिना असाच मानावा, असे मला वाटते. जानेवारी उजाडला की जाहिराती येऊ लागतात, अर्जांच्या मुदती धावू लागतात आणि मग विचाराला उसंत राहत नाही. नोकरी मिळणे हे सर्वस्वी आपल्या हाती नसते. जागा किती निघतील, उमेदवार किती येतील, निवड करणाऱ्याच्या मनात काय असेल, यांपैकी कशावरही आपली सत्ता चालत नाही. परंतु नोकरी मागण्यास आपण कोणत्या अवस्थेत उभे राहतो, हे मात्र बव्हंशी आपल्या हाती असते. जे हाती आहे त्याविषयीच आज बोलणार आहे.

एके काळी आपले गाव गिरण्यांचे होते. नजरअली, विनोद, हिरा ही नावे वडीलधाऱ्या श्रोत्यांना आठवत असतील. त्या काळी मुलगा वयात आला की बाप त्याला गिरणीच्या फाटकापर्यंत घेऊन जाई, ओळखीच्या मुकादमाला नमस्कार करी आणि मुलगा बदली कामगार म्हणून उभा राही. बाप हाच त्याचा अर्ज आणि बाप हीच त्याची शिफारस. त्या पद्धतीत दोष पुष्कळ होते. ज्याचा बाप आत नव्हता त्याच्यासाठी फाटक उघडत नसे. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि ते फाटक सर्वांनाच मिटले. आता मुलाला आपली ओळख आपणच सांगावी लागते, आणि ती कागदाने सांगावी लागते. घराघरांतून हा बदल अजून पुरता उमगलेला नाही.

म्हणून पहिली गोष्ट कागदांची. येथे मला एक प्रसंग सांगितला पाहिजे. सांगताना संकोच वाटतो, कारण त्यातील चूक माझी आहे. मी शिक्षक होऊन फार दिवस झाले नव्हते. नववीच्या मुलांचे मंडळाकडे पाठवायचे अर्ज वर्गशिक्षक या नात्याने मी भरत होतो. एका मुलीची जन्मतारीख शाळेच्या नोंदवहीत ११ ऑगस्ट होती. देवनागरीतील एकाचे शेपूट जरा वळले की तो नऊ दिसतो. संध्याकाळची वेळ होती, अर्जांचा गठ्ठा मोठा होता. मी १९ ऑगस्ट लिहिले. दहावीच्या गुणपत्रिकेवर तीच तारीख छापून आली. मुलीने पाहिली नाही, घरच्यांनी पाहिली नाही, आणि ज्याने पाहायची तो मी, मीही पाहिली नाही.

काही वर्षांनी ती मुलगी एका लेखनिकाच्या जागेसाठी परीक्षा देऊन निवडली गेली. कागदपत्रांच्या तपासणीच्या वेळी जन्मदाखल्यावर एक तारीख आणि गुणपत्रिकेवर दुसरी, असे आढळले. दुरुस्ती करून आणण्यास मुदत मिळाली. डिसेंबरातील एका संध्याकाळी ती कागदांची पिशवी घेऊन माझ्या दाराशी आली. नोंदवही काढली, मुख्याध्यापकांचे पत्र घेतले, प्रतिज्ञापत्र केले, मंडळाकडे अर्ज गेला. परंतु कागद आपल्या चालीने चालतात, मुदत आपल्या चालीने. दुरुस्त गुणपत्रिका हाती आली तेव्हा यादीतील पुढच्या उमेदवाराला ती जागा मिळून गेली होती. मुलगी माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. तिचे वडील त्याच वर्षी कामावरून निवृत्त झाले होते आणि घर तिच्या पगाराकडे डोळे लावून होते. त्यानंतर तिला नोकरी मिळाली, पण दोन वर्षांनी आणि कमी पगाराची. आठ दिवसांच्या फरकाची किंमत तिने दोन वर्षे मोजली.

तेव्हापासून दर डिसेंबरात मी माझ्या विद्यार्थ्यांना, आणि शाळा सोडून गेलेल्यांपैकी जे भेटतील त्यांना, एकच काम सांगतो. आपले सर्व कागद एका चटईवर ओळीने मांडा: जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवी, आधारपत्र, बँकेचे पुस्तक. मग प्रत्येकावरील नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख बोट ठेवून वाचा. आपण मराठी माणसे मध्य प्रदेशात राहतो, त्यामुळे आपल्या नावांची गंमत अधिक. हिंदीत लिहिताना ‘ळ’ चा ‘ल’ होतो आणि काळ्यांचे काले होतात. आपल्याकडे स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव मिळून पूर्ण नाव होते, तर येथील कागदांवर वडिलांचे नाव निराळ्या ओळीत जाते. मग एका कागदावर तीन शब्दांचे नाव, दुसऱ्यावर दोन शब्दांचे. आमच्या ख्रिस्ती घरांत तर एकाच आडनावाची इंग्रजी वर्णरचना बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक, शाळेत दुसरी आणि आधारपत्रावर तिसरी, असेही मी पाहिले आहे. लग्न झालेल्या मुलींचा प्रश्न याहून बिकट, कारण काही घरांत आडनावाबरोबर पाळण्यातले नावही बदलते. ही विसंगती आज सापडली तर तो केवळ एक त्रास असतो; निवड झाल्यावर सापडली तर ते संकट होते.

जातीचा, उत्पन्नाचा, मूळ निवासाचा दाखला ज्यांना लागतो त्यांनी त्यावरील तारीखही पाहावी. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला आर्थिक वर्षापुरता असतो. गतवर्षीचा दाखला या वर्षी चालेल असे मानून बसणारे शेवटच्या दिवशी कचेरीच्या दाराशी रांगेत दिसतात. आणखी एक गैरसमज आपल्या समाजात आहे. मातृभाषा मराठी असली म्हणजे महाराष्ट्रातील सरकारी नोकरीचे दार आपोआप उघडते, असे नाही. तेथे अधिवासाचा दाखला विचारला जातो. भाषा आणि अधिवास या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

दुसरी गोष्ट पात्रतेची. जाहिरातीतील पगाराचा आकडा सर्वजण वाचतात, पात्रतेचा परिच्छेद थोडे वाचतात. माझ्याच व्यवसायातील उदाहरण देतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने जून २०१८ मध्ये बी.एड. झालेल्यांना प्राथमिक वर्गांचे शिक्षक होण्यास पात्र ठरविले. हजारो तरुणांनी त्या भरवशावर बी.एड.ची वाट धरली. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय अवैध ठरविला. लहान मुलांना शिकविण्यासाठी त्या वयाला अनुरूप असे वेगळे प्रशिक्षणच हवे, असा त्यामागील विचार होता. एक शिक्षक म्हणून मला तो विचार पटतो. परंतु ज्यांनी कर्ज काढून फी भरली त्यांचे दुःखही मी जवळून पाहिले आहे. त्यांची चूक नव्हती. तरीही यातून घेण्यासारखा बोध आहे. नियम बदलतात, म्हणून ऐकीव माहितीवर वर्षे खर्ची घालू नयेत. मूळ अधिसूचना स्वतः वाचावी, आणि एकाच दारावर सारी भिस्त ठेवू नये. संघ लोकसेवा आयोगासारख्या संस्था पुढील वर्षाच्या परीक्षांचे वेळापत्रक आधीच प्रसिद्ध करतात. ते उतरवून घेऊन भिंतीवर लावावे आणि आपल्या पात्रतेच्या परीक्षांवर खूण करावी. ज्या परीक्षेला आपण बसूच शकत नाही तिची काळजी त्यामुळे आपोआप गळून पडते.

तिसरी गोष्ट आपल्या गुणांच्या मोजदादीची. “तुला काय येते?” असे विचारले की आपली मुले पदवीचे नाव सांगतात. पदवी हे उत्तराचे अर्धे अंग झाले. भैरवगढच्या छिप्याला कोणी हा प्रश्न केला तर तो बोलत बसत नाही, छापलेले कापड पसरून दाखवितो. तसे आपल्यापाशी पसरून दाखविण्यासारखे काय आहे, हे एका वहीत लिहून काढावे. वडिलांच्या दुकानाचा जमाखर्च दोन वर्षे ठेवला असेल तर ते लिहावे. गणेशोत्सवाची वर्गणी जमवून पै-पैचा हिशेब दिला असेल तर तेही लिहावे. मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत नीट पत्र लिहिता येत असेल तर ते अवश्य लिहावे. आपल्या घरात दोन भाषा जन्मापासून नांदतात, म्हणून आपल्याला त्यांची किंमत वाटत नाही. परंतु दोन्ही शुद्ध लिहिणारा माणूस दुर्मिळ आहे. आणि जे येत नाही त्याचाही एक स्तंभ त्याच वहीत असावा. जानेवारी ते मार्च या काळात त्यांपैकी एक उणीव भरून काढायची, एवढा संकल्प पुरेसा आहे.

याच गावचे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर १९५७ साली आगगाडीने जात असताना त्यांना खिडकीतून भीमबेटकाचे खडक दिसले, आणि तेथील प्राचीन चित्रे जगापुढे आली. त्या मार्गाने रोज शेकडो प्रवासी जात होते. खडक सर्वांनाच दिसत होते. पण वाकणकरांच्या डोळ्यांमागे वर्षानुवर्षांचा अभ्यास होता. संधीचेही असेच असते. ती येऊन जाते, पण ओळखणारी नजर आधी तयार असावी लागते.

चौथी गोष्ट विचारण्याची. आपल्याकडे मुलगा घरी बसला आहे हे सांगण्याची लाज वाटते. पाहुणे आले की “तयारी करतो आहे” असे म्हणून विषय बदलला जातो. त्या लाजेपायी ज्यांना मदत करता आली असती त्यांना कळतच नाही. दुसरे महायुद्ध संपत असताना, १९४५ मध्ये, परतणाऱ्या सैनिकांसाठी आपल्या देशात सेवायोजन कार्यालये निघाली आणि थोड्याच वर्षांत ती सर्वांना खुली झाली. पुढे १९५९ च्या कायद्याने मालकांना रिकाम्या जागा कळविणे भाग पाडले. मात्र त्याच नावांतून माणूस घेणे भाग पाडले नाही. म्हणून तेथे नाव नोंदवावे, २०१५ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय करिअर सेवेच्या संकेतस्थळावरही नोंदवावे, पण नोंदवून स्वस्थ बसू नये. दहा ओळखीच्या माणसांना, आपल्याला काय येते आणि कोणते काम हवे आहे, हे दोन वाक्यांत सांगावे. हे भीक मागणे नव्हे. मात्र जो नोकरीसाठी आधी पैसे मागतो त्याच्या दारावरून तसेच परत फिरावे. २०१३ मध्ये उघडकीस आलेल्या व्यापम प्रकरणाने आपल्या प्रांतातील किती घरांची धूळधाण केली, ते आपण जाणतोच.

आता २०२८ चा सिंहस्थ जवळ येत आहे. त्यानिमित्ताने येथे तात्पुरती कामे पुष्कळ निघतील. ती घेण्यास हरकत नाही, परंतु किती दिवस, कोणते काम केले, याचा लेखी दाखला मागून घ्यावा आणि जपावा. इंदूरची हुकुमचंद गिरणी १९९१ मध्ये बंद पडली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीपोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी. मध्ये बत्तीस वर्षे गेली. कित्येक कामगार तोवर हयात नव्हते. अशा वेळी वारसाच्या बाजूने बोलायला ट्रंकेतला जुना कागदच उरतो.

शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या धन्याची एक गोष्ट आहे. तो दिवसभरात अनेकदा बाजारात जाऊन मजूर आणतो. दिवस मावळायला आला तेव्हाही त्याला काही माणसे उभी दिसतात. त्यांना कोणी काम दिलेले नसते. तो त्यांनाही बोलावतो आणि पुरी मजुरी देतो. या गोष्टीत धन्याच्या औदार्याचे वर्णन नेहमी होते. मला मात्र त्या उभ्या राहिलेल्या माणसांचे नवल वाटते. दिवसभर कोणी विचारले नाही, तरी ती घरी निघून गेली नाहीत. आपल्या गावातही रोज सकाळी चौकात हत्यारे घेऊन उभे राहणारे मजूर मी शाळेत जाताना पाहतो, आणि दुपारी परततानाही त्यांतले काही तेथेच असतात. अशा उभ्या असलेल्यांना आपण रिकामटेकडे म्हणू नये, निदान त्यांच्या आईबापांनी आणि शिक्षकांनी तरी म्हणू नये.

तेव्हा या आठवड्यात एका संध्याकाळी घरात चटई अंथरा आणि मुलाबरोबर, मुलीबरोबर कागद मांडून बसा. एक तास पुरेल. आणि एखाद्या कागदावर शिक्षकाच्या हातून चुकलेला आकडा सापडला, तर संकोच न करता त्या शिक्षकाचे दार वाजवा. दार उघडणे हे त्याचे कर्तव्य आहे.