जालन्याजवळचे बेथेल

प्रार्थनामंदिराचा इतिहास बहुधा दगडविटांपासून सुरू होतो. जालना शहराजवळील बेथेलचा इतिहास मात्र जमिनीपासून सांगावा लागतो.

‘बेथेल’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘देवाचे घर’. या नावाची वसाहत रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसविली. जन्माने ब्राह्मण असलेले नारायणराव मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचे प्रकरण त्याच वर्षी न्यायालयात गेले. अल्पवयीन म्हणून तो वडिलांच्या स्वाधीन झाला. परंतु त्याला स्वजातीत परत घ्यावे की नाही, यावरून मुंबईत मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्या मुलाची बाजू उचलून धरली, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. थोरल्या भावाची पुढील हकीकत मात्र क्वचितच सांगितली जाते.

१८६० नंतरच्या दशकात नारायणराव जालन्यास आले. त्या काळी जालना निजामाच्या राज्यात होते व तेथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्यांच्याकडे आलेल्यांत मातंग समाजातील माणसे पुष्कळ होती. दोर वळणे, वाजंत्री आणि गावकीची कामे यांवर त्यांचे पोट, मोबदला बलुत्याचा. गावाची रीत सोडणाऱ्याने बलुते कोणत्या तोंडाने मागावे? नव्या धर्माबरोबर नवी उपजीविका हवी, हे नारायणरावांनी अचूक ओळखले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी वसाहतीसाठी जमीन दिली आणि बेथेल उभे राहिले. जमीन मुसलमान संस्थानाची, संस्थापक ब्राह्मण कुळातील, पाठबळ स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे आणि रहिवासी गावकुसाबाहेरचे, असा योग मराठवाड्याच्या इतिहासात विरळाच. धर्मांतराविषयी कोणाचे मत काहीही असो, भूमिहीनांच्या पुनर्वसनाचा हा प्रयत्न म्हणून बेथेलची नोंद घेणे अगत्याचे आहे.

१८७३ मध्ये न्यूयॉर्क येथील जागतिक ख्रिस्ती परिषदेत नारायणरावांनी भाषण केले. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १९७० मध्ये नागपूर येथे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना होऊन अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एका छत्राखाली आल्या आणि १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला.