वस्तादांची तालीम, मुक्ताची लेखणी

(छत्रपती संभाजीनगर येथे मुलींच्या कराटे वर्गाच्या समारोपात केलेले भाषण)

मैत्रिणींनो, आणि मुलींचं कौतुक बघायला आलेल्या आयांनो,

चार महिने तुम्ही घाम गाळलात. आज पट्टे मिळाले, टाळ्या झाल्या. मघाशी तुमच्या ताईंनी गिचिन फुनाकोशींची गोष्ट सांगितली. १८६८ साली ओकिनावा बेटावर जन्मलेलं हे अशक्त पोर रात्री गुपचूप गुरूच्या अंगणात जाऊन शिकलं, पुढे शाळामास्तर झालं. १९२२ मध्ये पन्नाशी उलटल्यावर फुनाकोशी टोकियोला गेले. एका वसतिगृहाची झाडलोट करत तिथे राहिले आणि कराटे शिकवू लागले. त्यांच्या शिकवणीतूनच शोतोकान शैली उभी राहिली.

ही गोष्ट कराटेच्या वर्गांतून नेहमी सांगितली जाते. मला आज आपल्या मातीतल्या एका वस्तादांची गोष्ट सांगायची आहे.

त्यांचं नाव लहुजी राघोजी साळवे. जन्म १४ नोव्हेंबर १७९४, पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी, पेठ गावी. मांग समाजातलं हे लढवय्यं घराणं. लहुजींची पहिली तालीम घरातच झाली, वडिलांच्या हाताखाली. दांडपट्टा, तलवार, कुस्ती, घोडेस्वारी, निशाणबाजी. १८१७ साली इंग्रजांशी झालेल्या लढाईत वडील पडले, पाठोपाठ पेशवाई बुडाली. लहुजींनी पुढे पुण्याच्या गंज पेठेत तालीम काढली.

दांडपट्टा तुमच्यातल्या काहींनी शिवजयंतीच्या मिरवणुकीत पाहिला असेल. त्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंत येणारी लोखंडी खोबण. हात आत गेला की मनगट वळवता येत नाही. म्हणजे सगळी ताकद पायातून, कमरेतून, खांद्यातून आणावी लागते. तुमच्या ताईही तुम्हाला हेच सांगतात ना, की ठोसा नुसत्या मुठीचा नसतो, पाय भक्कम हवा?

पण पाय रोवायला जमीन लागते. आणि जमीन कुणाची, हा प्रश्न तालमीच्या आधी येतो.

लहुजींच्याच घराण्यातली मुक्ता साळवे ही मुलगी जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकत होती. १८५५ साली, चौदाएक वर्षांची असताना, तिचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात तिनं लिहिलंय की पेशवाईत तालीमखान्यासमोरून मांग किंवा महार गेला तर त्याचं मुंडकं उडवून त्याचा चेंडू करत. आत जाणं सोडाच, नुसतं समोरून चालणं हाच गुन्हा!

आता लहुजींच्या तालमीकडे पुन्हा बघा. ज्या समाजाला तालमीसमोरून जायची बंदी, त्याच समाजातला माणूस पुण्यात वस्ताद म्हणून उभा राहिला. माळी समाजातले जोतिराव त्यांच्याकडे दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकले. माझ्या मते लहुजींचं मोठेपण डावपेचांइतकंच या उघड्या दारात आहे.

आणि ते तालमीवर थांबले नाहीत. जोतिरावांनी शाळा काढल्या तेव्हा मांग-महारांच्या वस्तीत जाऊन आईबापांची समजूत घालणाऱ्यांत लहुजी होते. हयात पट्टा फिरवण्यात गेलेला माणूस पोरांच्या हातात पाटी द्या म्हणून सांगत होता. नुसत्या मनगटानं भागत नाही, हे त्यांना कळलं असावं. १७ फेब्रुवारी १८८१ला ते गेले.

मात्र एक गोष्ट मला टोचते. या तालमीतून तयार झालेली म्हणून जी नावं आपल्याला माहीत आहेत, ती सगळी पुरुषांची. मुक्ताचं नाव राहिलं ते शाळेमुळे, तिनं लिहिलं म्हणून. तिनं काय लिहिलं? आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसतं, थंडीवाऱ्यात, पावसात त्यांचे काय हाल होत असतील, हे लिहिलं. बाईचं दुखणं तिनं चारचौघांत मांडलं.

आता आपलं बोलू. या वर्गाची सुरुवात मैदानात झाली होती, आठवतं? तिसऱ्याच दिवशी पोरं म्हणाली, इथं आमची मॅच असते. आपण कोपऱ्यात सरकलो. मग कोपराही गेला आणि आपण या हॉलमध्ये आलो. एक आई मला म्हणाली, “ताई, शिकवा, पण अंधाराच्या आत घरी पाठवा.” तिची काळजी खोटी नाही. पण बायांनो, पोरीला ठोसा शिकवायचा आणि रस्ता मात्र तिच्याकडून काढून घ्यायचा, याला संरक्षण म्हणायचं का? छेड काढणारा मोकळा, आणि स्वतःला वाचवायची जबाबदारी तेवढी मुलीची! कराटे जरूर शिका. पण कराटे येतं म्हणून बाकीच्यांची जबाबदारी संपत नाही, हेही ठणकावून सांगा.

म्हणून माझी सूचना अशी. पुढचा वर्ग पुन्हा मैदानात भरवू. रोज संध्याकाळी एक तास मैदान मुलींसाठी राखून ठेवा आणि तिथले दिवे लावा, असा अर्ज महापालिकेला देऊ. अर्ज मुलींनीच लिहायचा, आपल्या शब्दांत. चौदा वर्षांच्या मुक्ताला जमलं, ते तुम्हाला का जमू नये? खाली सह्या आयांच्या. आणि अर्ज द्यायला सगळ्याजणींनी मिळून जायचं.

कागद मी आणलाय. पहिली ओळ कोण लिहिणार?