खाल्ले किती, पचले किती?

(वाशीम जिल्ह्यातील रेशीम उत्पादक कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



आपला जिल्हा सोयाबीन-तुरीचा, बहुतांशी कोरडवाहू. येथे विहिरीच्या पाण्यावर तुती जगवून रेशीम कीटक जोपासणे हे साहसच होय. मात्र या साहसाचा हिशोब आपण कोष तराजूवर चढल्यावरच करतो. कोष हलके निघाले की दोष नशिबाला, हवामानाला किंवा अंडीपुंजांना दिला जातो. वस्तुतः उत्तराचा मोठा भाग शेडमध्येच असतो, अळ्यांच्या विष्ठेत. आणि तीच आपण झाडून उकिरड्यावर टाकतो.

रेशीम कीटक चार वेळा कात टाकतो. आयुष्यभरात खाल्लेल्या पाल्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाला तो चौथ्या कातेनंतर फस्त करतो. पण पोटात गेलेले सारेच अंगी लागत नाही. खाल्ले किती आणि पचले किती, यांतील अंतर मोजण्याची रीत अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ वाल्डबाउअर यांनी १९६८ मध्ये सुसूत्रपणे मांडली. ती समजण्यास पदवी लागत नाही.

चौथ्या कातेनंतर शंभर अळ्या वेगळ्या ट्रेमध्ये ठेवाव्यात. प्रत्येक वेळी पाला वजन करून द्यावा. ताज्या पाल्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते, म्हणून त्याच पाल्याचा छोटा नमुना वजन करून वाळवावा. त्यावरून दिलेल्या पाल्याचे कोरडे वजन निघते. उरलेला पाला आणि विष्ठा रोज वेगवेगळी वेचून, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवावी. समजा, अळ्या कोष बांधू लागेपर्यंत कोरड्या हिशोबाने ६०० ग्रॅम पाला दिला आणि १०० ग्रॅम उरला. म्हणजे ५०० ग्रॅम खाल्ला गेला. विष्ठा ३०० ग्रॅम भरली, तर २०० ग्रॅम पचला. पाचकता ४० टक्के. कीटकाचे मूत्रद्रव्य विष्ठेतच मिसळलेले असल्याने शास्त्रज्ञ या आकड्याला अंदाजित पाचकता म्हणतात.

येथे एक सावधगिरी हवी. पाला कमी मिळाला की अळी मिळेल तेवढा अधिक पचवते. टक्का वाढतो, पण अळी उपाशीच राहते! म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचावेत. भरपूर खाऊनही कमी पचले, तर पाला जून, सुकलेला वा धुळकट आहे का ते पाहावे. अळी पाणी पीत नाही. तिचे पाणी पाल्यातूनच येते, हे वैशाखात विशेष ध्यानी ठेवावे. खाणेच घटले, तर शेडमधील उष्मा आणि रोग तपासावेत.

रेशीमघरातील कष्टांचा मोठा भार आपल्या माता-भगिनी वाहतात. पहाटे पाला तोडणाऱ्या त्या हातांना, श्रम कोठे वाया गेले, हे कळलेच पाहिजे. पुढील बॅचला एक ट्रे, एक लहान तराजू आणि एक वही एवढेच बाजूला ठेवा. वहीतील आकडे दोष देत बसत नाहीत. ते वाट दाखवतात.