रंगाची सीमारेषा
(गव्हाण येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वर्गातील मुलांना सायंकाळचे आकाश काढावयास सांगितले, तर बहुतेक मुले वर निळा पट्टा, त्याखाली तांबडा आणि त्याखाली पिवळा असे तीन पट्टे ओढतात. शाळेच्या पटांगणात येऊन पश्चिमेस खाडीवर पाहिले, तर असे पट्टे कोठेच दिसत नाहीत. निळा रंग कोठे संपला आणि तांबूस कोठे सुरू झाला, हे बोट ठेवून दाखविता येत नाही. हे न दाखविता येणारे स्थित्यंतर शाळेच्या भिंतीवर कसे उतरवावे, एवढाच आजचा विषय आहे. त्यासाठी साधन घ्यावयाचे ते ॲक्रिलिक रंगांचे, कारण भिंती बोलक्या करण्याच्या कामी हल्ली बहुधा तेच हाती येतात.

प्रथम या रंगाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. पाण्यात तरंगणाऱ्या राळेच्या अतिसूक्ष्म कणांमध्ये रंगद्रव्य कालवलेले असते. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांना चिकटून एकसंध पापुद्रा बनतो, आणि मग त्यावर कितीही पाणी ओतले तरी तो विरघळत नाही. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत असे पाण्यात कालविलेले रंग चित्रकारांसाठी बाजारात आले. आपल्याकडील पावसाळ्याच्या दृष्टीने हा गुण मोठाच म्हणावयाचा. परंतु छटा मिसळणाऱ्याची अडचणही त्यातच आहे. तैलरंग दिवसच्या दिवस ओला राहतो. ॲक्रिलिकचा पातळ थर मात्र मार्च महिन्याच्या दुपारी तापलेल्या भिंतीवर काही मिनिटांतच सुकतो, आणि ओल्या कडेला ओली कड भेटल्यावाचून रेषा जात नाही.

म्हणून वेळ निवडावी ती सकाळची, भिंत सावलीत असतानाची. नुसता गिलावा पाणी शोषून घेतो. तेव्हा अगोदर प्रायमरचे दोन हात देऊन ते पूर्ण वाळू द्यावेत. काम सुरू करताना ओल्या स्पंजाने भिंत किंचित दमट करावी. ती निथळती नसावी.

रंग वाट्यांत आधीच तयार ठेवावेत, आणि ते संपूर्ण भिंतीस पुरतील इतके असावेत. मध्येच संपलेली छटा पुन्हा हुबेहूब जमणे कठीण. फिक्या रंगात गडद रंग थोडा थोडा घालावा, उलट करू नये. पांढऱ्यात निळ्याचा एक थेंब पडला तर वाटीचे रूप पालटते. निळ्यात पांढऱ्याचा एक थेंब पडला तर त्याचा मागमूसही लागत नाही. येथे गणिताचा एक सुंदर पाठ आहे. पाच सारख्या वाट्यांत समान पांढरा रंग घेऊन त्यांत निळ्याचे १, २, ३, ४, ५ थेंब घातले, तर पहिल्या दोन वाट्यांतील अंतर ठळक दिसते आणि शेवटच्या दोन जवळजवळ सारख्याच भासतात. तेच १, २, ४, ८, १६ असे घातले, तर पायऱ्या डोळ्याला बऱ्याच सारख्या वाटू लागतात. बेरजेची आणि गुणाकाराची वाढ यांतील फरक मुलांना असा डोळ्यांनी दिसला, तर फळ्यावरचे काम पुष्कळ हलके होईल. चौथीच्या वर्गात कागदावर साध्या पोस्टर रंगांनीही हा प्रयोग होतो.

वाट्यांवर ओले फडके घालावे. वाळल्यावर हा रंग किंचित गडद होतो, म्हणून प्रत्येक छटेचा नमुना कागदाच्या पट्टीवर ओढून वाळवून पाहावा.

आता प्रत्यक्ष कृती. एक पट्टा द्यावा, लगेच त्याला लागून दुसरा द्यावा, आणि दोन्ही ओले असतानाच स्वच्छ, कोरडा, रुंद ब्रश सीमेवरून आडवा, अगदी हलका फिरवावा. प्रत्येक फेऱ्यानंतर तो फडक्याला पुसावा. रंग चिकट होऊ लागला की हात काढून घ्यावा. अर्धवट वाळलेल्या थरावर पुन्हा ब्रश चालविला की पापुद्रा सोलून निघतो. तो पूर्ण वाळू द्यावा आणि मग वरून पातळ थर चढवीत छटा जुळवावी. पातळ करण्यासाठी भरमसाट पाणी ओतणे बरे नव्हे. त्याने राळेची पकड ढिली होते. रंगहीन माध्यम मिळाले तर ते वापरावे. लहान मुलांकरिता मात्र मला स्पंजाचे टिपके सर्वांत पसंत आहेत. सीमेवर दोन्ही रंगांचे टिपके एकमेकांत शिरले की पटांगणाच्या पलीकडून पाहणाऱ्याचा डोळा ते मिसळण्याचे काम स्वतःच करतो.

एक सावधगिरी. सायंकाळचा नारिंगी आणि वरचा निळा यांची थेट गाठ घालू नये, मळकट करडा रंग उभा राहतो. पिवळा आणि निळा भेटले तर आकाश हिरवे होते. मध्ये फिकट गुलाबी, पांढुरका पट्टा ठेवावा. खाडीवर नीट पाहिले तर पुष्कळदा तो तेथे असतोही.

सावळाराम हळदणकर यांचे, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र आपण छापील रूपात पाहिले असेल. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते जलरंगातील आहे, आणि तेथे चुकलेली छटा झाकण्यास फारसा वाव नसतो. दिव्याचा उजेड चेहऱ्यावरून काळोखात कोठे विरतो, हे मुलांना शोधावयास सांगावे. वासुदेव गायतोंडे यांनी तर रोलर आणि रंगाची सुरी यांनी तैलरंगांत अशी स्थित्यंतरे साधली. घर रंगविण्याचा रोलर आपणही मोठ्या भिंतीवर निःसंकोच वापरावा. आणि प्रभाकर बरवे हे आपल्याच जिल्ह्यातील नागावचे, हे मुलांना ठाऊक असावे.

आपल्यापैकी कोणी म्हणतील, हे चित्रकला-शिक्षकाचे काम. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद केली, ती सहावी ते आठवीच्या वर्गांकरिता आणि पट १०० च्या वर असेल तेथे. लहान शाळेत हे काम वर्गशिक्षकालाच करावे लागते. नाही तर रंगारी बोलावला जातो. तो दोन दिवसांत बर्फाचे डोंगर आणि देवदारांतील झोपडी रंगवून जातो. त्याच्या कसबाविषयी मला आदर आहे. पण ते डोंगर कोणाचे? १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यापासून या परिसरातील भातशेती आणि मिठागरे यांची जागा रस्त्यांनी व इमारतींनी घेतली. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले. आज पहिलीत बसलेल्या मुलाचे क्षितिज त्याच्या आजीने पाहिलेले क्षितिज नव्हे. आजीला विचारून खालचा भाग काढावा, स्वतः पाहून वरचे आकाश रंगवावे; अशी एक भिंत प्रत्येक शाळेत झाली, तर ती गावाची नोंदही ठरेल.

शिडीवरचे काम मोठ्यांनी करावे. ब्रश वाळण्यापूर्वी धुवावेत; ते पाणी ओढ्यात वा खाडीत न ओतता बादलीत निवळू द्यावे आणि खालचा गाळ कागदावर वाळवून कचऱ्यात टाकावा. भिंतीच्या तळाशी दोन हात उंचीपर्यंत एकच गडद रंग द्यावा. तेथे मुले पाठ टेकून बसतात, पावसाचे शिंतोडे उडतात. तेवढाच पट्टा दरवर्षी पुन्हा रंगविता येतो.