चंदेरीवरून परतताना
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गतवर्षी आषाढात आपल्या मंडळातील आम्ही अकरा जण चंदेरीवर गेलो आणि माथा न गाठताच परत आलो, हे आपणांस विदित आहेच. त्यावरून आमची थोडी थट्टाही झाली. त्या थट्टेला उत्तर देण्याची संधी कार्यकारी मंडळाने दिली, याबद्दल आम्ही आभारी आहोत.

बदलापूरहून वांगणीकडे जाताना गाडीच्या खिडकीतून चंदेरीचा सुळका आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. आम्ही चिंचवली गावातून निघालो तेव्हा पावसाची नुसती भुरभुर होती. गावातील एक म्हातारे बाबा एवढेच म्हणाले, "ओढ्याकडे लक्ष ठेवा, पोरांनो." रान संपून घळ लागली, तो पावसाने जोर धरला. दहा पावलांपलीकडचे दिसेना. पायांखालचे दगड सुटू लागले. सुळक्याखालची गुहा आता फार दूर नव्हती. आमच्यातील दोघे पुढे जाण्याचा आग्रह धरून बसले. इतक्यात ध्यानात आले की, सर्वांत धाकट्या मुलाची बोटे गारठून वळेनाशी झाली आहेत, आणि लाजेने तो ते सांगत नाही. तेथेच परतण्याचे ठरले. सकाळी गुडघाभर असलेला ओढा परतताना कमरेपर्यंत चढला होता. हातांची साखळी करून आम्ही तो ओलांडला. तासभर उशीर झाला असता, तर रात्र पलीकडेच काढावी लागली असती.

या प्रदेशातील पाऊस काय करू शकतो, हे आपणांस सांगावयास नको. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली आणि सुमारे १,०५० प्रवाशांना सोडवावे लागले. जेथे आगगाडीचे चालले नाही, तेथे आमचा काय पाड?

परत फिरणे म्हणजे भ्याडपणा, अशी ज्यांची समजूत असेल त्यांच्यासाठी एक दाखला देतो. १९३३ साली एव्हरेस्टवर जॅक लॉंगलंड या गिर्यारोहकाने सहाव्या तळावरून निघालेल्या आठ भारवाहकांना ऐन वादळातून सुखरूप खाली आणले. दुसऱ्याच दिवशी लॉरेन्स वेजर आणि विन-हॅरिस हे सुमारे २८,१०० फुटांवर पोहोचून माघारी फिरले. शिखर केवळ हजारभर फूट उरले होते. त्यांना कोणी भ्याड म्हटले नाही. पुढे १६ ऑगस्ट १९३५ रोजी हेच वेजर आणि हेच लॉंगलंड आपल्या सोबत्यांसह ग्रीनलंडमधील गुनब्यॉर्न या शिखरावर उभे राहिले. उत्तर ध्रुववृत्तातील हे सर्वोच्च शिखर, उंची ३,६९४ मीटर. तेथे समुद्राचे चिंचोळे फाटे डोंगरांत खोल शिरलेले असतात. त्यांना फ्योर्ड म्हणतात. भोवती सारे बर्फ. तथापि त्या बर्फाखालचा काळा, थराथरांचा कातळ आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा, म्हणजे लाव्हारसाचा आहे. आपला कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो पुढच्या वर्षीही जागेवरच असेल. माणसे तेवढी असली पाहिजेत.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे की, मुलांना आणि मुलींनाही डोंगरावर अवश्य पाठवावे, परंतु परतल्यावर "माथा गाठलात का?" असे विचारण्यापूर्वी "सगळे आलात ना?" असे विचारावे. मंडळाकडेही एक मागणे आहे. यंदाच्या शिलकेतून एक चांगला दोर आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन द्यावी. हातांची साखळी एकदा पुरली. दर वेळी पुरेलच असे नाही.

पावसाळा सरल्यावर, मार्गशीर्षात, आम्ही पुन्हा चंदेरीवर जाणार आहोत. तो धाकटा मुलगा यादीत पहिला आहे. ज्या वडीलधाऱ्यांनी थट्टा केली, त्यांनाही आग्रहाचे निमंत्रण आहे.

जय हिंद.